पेंटाडीनची तार : व्हिक्टोरिया, 7 फेब्रुवारी 2009

[दृश्य : सुकलेल्या गवताच्या टेकड्या, दूरदूर उभे लाकडी खांब, त्यांच्यावर एकच तार]

खांबावर तार एकच आहे, हे आधी लक्षात घ्या. परतीची तार नाही, वीज जमिनीतून परत जाते. लांब लांब विखुरलेल्या शेतघरांना कमी खर्चात वीज पोचवायची तर ही पद्धत सोयीची. 12.7 केव्हीची, म्हणजे 12,700 व्होल्टची, ही तार पोलादी असते. ती खेचून ताणता येते, त्यामुळे खांब फार लागत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अशा लाईनी हजारो किलोमीटर पसरल्या आहेत. मेलबर्नच्या उत्तरेला किलमोर ईस्ट इथला पेंटाडीन स्पर हा फाटा त्यांतलाच एक, आणि 7 फेब्रुवारी 2009 चा किलमोर ईस्टचा वणवा याच लाईनीपासून पेटला. तिच्या 38 आणि 39 नंबरच्या खांबांमधला गाळा होता 1,043 मीटरचा, म्हणजे एका झोळात किलोमीटरभर तार.

[दृश्य : खांबाच्या टोकाचा जवळून घेतलेला फोटो]

बिघाड झाला तो इथे. तार खांबाशी बांधताना तिच्यावर स्प्रिंगसारखी पिळाची पकड चढवतात. त्या पकडीचा फास थिंबलमध्ये, म्हणजे खाचेच्या लोखंडी कड्यात, बसवतात. फास खाचेत पूर्ण बसला तर ताण सगळीकडे सारखा पडतो. इथे तो नीट बसलेला नव्हता.

आता वाऱ्याचं काम बघा. तारेला सोसाट्यापेक्षा मंद, एकसारखी झुळूक जास्त छळते. तिच्याने तार बारीक थरथरत राहते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. गाळा जितका लांब आणि ताण जितका जास्त, तितकी थरथर वाईट. ती जिरवायला तारेवर डॅम्पर बसवतात. या गाळ्यावर डॅम्पर नव्हता. सगळी थरथर पकडीपाशी येऊन अडायची आणि तिथेच तार वाकायची. हातातली बारीक तार पुढेमागे वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, तसं पोलाद थकत गेलं. लाईन 43 वर्षांची होती. तपासणी व्हायची, पण नीट न बसलेला फास त्या तपासणीत सापडला नाही.

[दृश्य : करपलेली कुरणं, हवामानाचा नकाशा]

राज्यात बारा वर्षं दुष्काळासारखीच गेली होती. 28 ते 30 जानेवारी असे सलग तीन दिवस मेलबर्नचा पारा 43 अंशांच्या वर होता. जंगलातला पालापाचोळा आणि झाडांची लोंबती साल कडकडीत वाळली. शनिवारी, 7 फेब्रुवारीला, मेलबर्नमध्ये 46.4 अंश नोंदले गेले. उत्तरेकडून तापलेला, कोरडा वारा सोसाट्याने वाहत होता.

दुपारी बाराला काही मिनिटं कमी असताना पेंटाडीनची तार तुटली. वीज चालूच होती. सुटलेली तार खांबाला धरून ठेवणाऱ्या स्टेला, म्हणजे ताणाच्या दोराला, टेकली, ठिणग्यांचा झोत उडाला आणि बुंध्याशी असलेलं गवत पेटलं.

इथे रिक्लोजरविषयी सांगायलाच हवं. फांदी टेकून लाईन बंद पडली, तर हे यंत्र थोडं थांबून वीज आपोआप पुन्हा सोडतं. एरवी ही सोय चांगली, फांदी पडून गेलेली असते आणि लाइनमनची खेप वाचते. पण तार तुटून सुक्या गवतात पडलेली असेल, तर प्रत्येक पुन्हा-जोडणी म्हणजे नवी ठिणगी. वणव्याच्या दिवशी ही सोय बंदच ठेवायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

[दृश्य : हेलिकॉप्टरमधून दिसणारा धूर]

दोनच्या सुमारास आगीने ह्यूम हायवे ओलांडला आणि ती निलगिरीच्या झाडांनी भरलेल्या डोंगरात शिरली. सह्याद्रीतला वणवा बहुतेक वेळा गवतावरून सरकतो. इथे झाडांचे शेंडे पेटले. सालीच्या जळत्या चिंध्या वाऱ्याने उचलल्या आणि कित्येक किलोमीटर पुढे नेऊन टाकल्या. त्या जिथे पडल्या तिथे नव्या आगी लागल्या.

संध्याकाळी वारा नैऋत्येकडून फिरला. तोवर आग लांब, अरुंद पट्ट्यासारखी धावत होती. वारा फिरताच त्या पट्ट्याची सगळी पूर्व कड आघाडी बनली. किंगलेक आणि स्ट्रॅथीवन ही गावं तिच्या तोंडाशी आली. लोकांना इशारे पोचले ते फार उशिरा, काहींना पोचलेच नाहीत. मेरीसविल गाव मुरिंडिंडीहून निघालेल्या दुसऱ्या वणव्यात जळलं.

[दृश्य : मेरीसविलचा रस्ता, नुसती धुराडी उभी]

राज्यभरात 173 माणसं गेली, त्यांतली 119 किलमोर ईस्टच्या आगीत. दोन हजारांहून जास्त घरं आणि सुमारे साडेचार लाख हेक्टर जमीन जळाली.

[दृश्य : आयोगाची सुनावणी, अहवालाची पानं]

माजी न्यायाधीश बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील, या वणव्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने जुलै 2010 मध्ये 67 शिफारशी दिल्या. विजेबद्दलच्या शिफारशी अगदी नेमक्या आहेत. 300 मीटरपेक्षा लांब प्रत्येक गाळ्यावर डॅम्पर. धोक्याच्या भागात तपासणी पाचऐवजी तीन वर्षांनी. एकतारी लाईनींवर हंगामातले सर्वांत धोक्याचे सहा आठवडे रिक्लोजरची पुन्हा-जोडणी बंद. आणि या लाईनी हळूहळू काढून त्यांच्या जागी भूमिगत किंवा आवरण असलेली केबल, सर्वाधिक धोक्याच्या भागात दहा वर्षांच्या आत. किलमोर ईस्टच्या पीडितांचा सामूहिक दावा 2014 मध्ये सुमारे 49 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर मिटला.

[दृश्य : उपकेंद्रातली नवी यंत्रं]

उपकेंद्रात बसवलेलं हे यंत्र 22 केव्हीच्या तीन-तारी लाईनीसाठी आहे. एक तार जमिनीला टेकली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ते त्या तारेवरचा दाब पाडतं, म्हणजे ठिणगीला जोर उरत नाही. एकतारी लाईनीवर हे चालत नाही, कारण तिथे जमीन हाच विजेचा नेहमीचा परतीचा रस्ता आहे. तिथे दूरवरून सेटिंग बदलता येणारे नवे रिक्लोजर बसवले आहेत. आग लागेल अशा दिवशी नियंत्रण कक्षातून त्यांची पुन्हा-जोडणी बंद करता येते. त्याने ठिणग्यांची संख्या कमी होते. पहिली ठिणगी मात्र ते थांबवू शकत नाहीत. तार पकडीपाशी झिजली आहे का, हे खांबाच्या टोकाजवळ जाऊनच बघावं लागतं, आणि व्हिक्टोरियातल्या एकतारी लाईनींचा मोठा भाग अजून खांबांवरच आहे.