हिरवा चहा आणि गालातला खर्रा

नमस्कार मंडळी. हिरव्या चहानं तोंडाचा कॅन्सर थांबतो का, हे हल्ली गावोगाव विचारतात. या चहात ईजीसीजी नावाचं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत ते कॅन्सरच्या पेशींवर टाकलं की त्यांची वाढ मंदावते, काही पेशी मरतात. हे खरं आहे. पण त्या पेशी काचेच्या बशीतल्या, माणसाच्या गालातल्या नव्हेत.

आमचे एक मामा आर्वीकडचे. घरच्या लग्नात पंगतीला बसले होते. पंगती मोडून ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवायची पद्धत आली, ती मला मुळीच पटत नाही. पंगतीत कोण जेवत नाही ते वाढणाऱ्याला दिसतं. मामीला दिसलं. गोळाभातावर फोडणीचं तेल मागून घेणारा माणूस नुसता ताकभात कालवत होता.

"काउन हो, तोंड आलं का?"

"काई नाई, थोडं झोंबते. मी गिरीन टी घेऊन रायलो ना."

पुण्याच्या पोरानं पाकीट आणून दिलं होतं. मामा त्यात दूध-साखर घालून खळखळ उकळायचे, आणि कप खाली ठेवला की खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, गालात. मामीनं भाताचं पातेलं बाजूला ठेवलं. "तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला." भरल्या पंगतीत मामांनी बोटं घातली. दोनच गेली. गालात आतून पांढरा चट्टा. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मामीनं त्यांना दवाखान्यात नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडचीच होती. खर्रा त्या दिवशी सुटला. मामीनं सोडवला.

अशाच चट्ट्यांच्या 41 रुग्णांवर अमेरिकेत प्रयोग झाला, 2009 साली छापून आला. हिरव्या चहाचा अर्क 12 आठवडे दिला. जास्त मात्रा घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जणांचे चट्टे सुधारले. ज्यांना अर्काविना गोळी दिली, त्यांच्यात पाचात एकाहूनही कमी जणांचे. पण पुढे कॅन्सर होण्यात फरक दिसला नाही. पुन्हा सांगतो, फरक दिसला नाही. अर्काच्या गोळ्या मनानं घेऊ नका, जास्त झाल्या तर लिव्हरला बाधतात. चहा हवा तर प्या, खर्रा मात्र सोडा. बिनतंबाखूचा असला तरी सोडा, नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो.

तीन बोटं जात नसतील, चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तोंड दाखवा. दुखत नसलं तरी दाखवा.