आधी तोल, मग पेडल

दोन चाकं, एक हँडल, एक सीट. पेडलं नाहीत, चेनही नाही. पायांनी जमीन मागे रेटायची आणि पुढे जायचं. ही बॅलन्स बाइक. दीड-दोन वर्षांचं मूलही ती चालवू शकतं.

सुरुवातीला मूल सीटवर बसतच नाही. गाडी दोन पायांमध्ये धरून नुसतं चालतं. चालू द्यावं, घाई करू नये. हळूहळू ते सीटवर टेकतं, पावलं लांब पडू लागतात आणि मग कधीतरी दोन्ही पाय उचलले जातात.

इथे चित्र जरा हळू करून पाहू. गाडी डावीकडे कलली. मुलानं हँडलही किंचित डावीकडेच वळवलं, म्हणजे तोल जातोय त्याच बाजूला. चाकं पुन्हा शरीराच्या वजनाखाली आली आणि गाडी सावरली. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगून येतही नाही. वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्यांनाही आपण तोल कसा सांभाळतो हे शब्दांत सांगता येत नाही. ते अंगालाच कळावं लागतं.

मागच्या चाकाला लावलेली आधाराची छोटी चाकं नेमकं हेच होऊ देत नाहीत. सायकल कलतच नाही, मग सावरायचं काय? वळताना तर मूल आत झुकण्याऐवजी बाहेर ढकललं जातं. पेडल मारणं तेवढं येतं, पण ते तीनचाकीवरही आलं असतं. आधार काढला की शिकणं पहिल्यापासून सुरू, आणि आता सोबतीला भीती.

सायकलचा इतिहासही याच क्रमानं घडला. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहरातून कार्ल फॉन ड्राइस आपली लाकडी दोनचाकी घेऊन निघाले. तिला पेडलं नव्हती, पायांनीच रेटायची. जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटर त्यांनी तासाभरात कापले. पेडलाच्या सायकली रूढ व्हायला १८६०चं दशक उजाडलं.

गाडी निवडताना सीटची उंची सर्वांत महत्त्वाची. मूल बसलं की दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे थोडे वाकलेले हवेत. गाडी हलकी असावी, पडली तर मुलाला स्वतः उचलता यावी. हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

नवी गाडी घ्यायलाच हवी असं नाही. घरातल्या लहान सायकलची सीट पुरेशी खाली येत असेल, तर तिची पेडलं काढून ठेवा. मात्र डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवलं की सुटतं.

पेडलं परत लावाल तेव्हा तोलाची काळजी फारशी उरलेली नसेल. लक्ष द्यायचं ते ब्रेककडे. इतके दिवस मूल पाय टेकवून थांबत आलंय आणि पेडलाच्या सायकलवर वेग वाढतो. हँडलला ब्रेक असेल तर आधी सायकल हातात धरून चालताना तो दाबून पाहू द्या, मग सपाट जागेवर बसून. उतारावर त्यानंतरच.