हिरवी वेल भिंतीवरून ओढू नका

नमस्कार मंडळी. सातारा, वाई, कराडकडून एकच प्रश्न सारखा येतोय, भिंतीवर पसरलेली वेल काढायची कशी? मधुमालती, कृष्णकमळ, बोगनवेल यांचं सोपं आहे. या भिंतीला चिकटत नाहीत. कापा, सोडवा, झालं. खरा त्रास बारीक पानांच्या फायकस वेलीचा. तिला खोडातूनच मुळं फुटतात आणि ती थेट गिलावा धरतात.

ही वेल हिरवी असताना ओढायची नाही. ओढलीत तर रंग आणि गिलाव्याचे पापुद्रे सोबत येतात. जुन्या दगडी वाड्यात मुळं दरजांत शिरलेली असतात, तिथे चुनाच निघतो. ‘आमचं नवीन सिमेंट आहे, काही होत नाही’ अशा कमेंट येतात. अहो, गिलावा टिकला तर वेल मध्येच तुटते, बुंधा राहतो आणि पावसात पुन्हा फुटतो. म्हणून परत सांगतो, आधी कापा, वाळू द्या, मग काढा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगत खोडाचा वीतभर तुकडाच काढून टाका. चीक अंगाला खाजतो, हातमोजे घाला. जूनमध्ये हे काम नको. साताऱ्याच्या पावसात भिंत ओली असते आणि त्या ओलीवर कापलेली वेलसुद्धा तग धरते. पानं कुरकुरीत वाळली की वरून खाली, हातभर तुकडे करत पुट्टीच्या पत्तीने सोडवा. उरलेली मुळं ओली करून नायलॉनच्या ब्रशने लगेच घासा, फार दिवस राहिली तर दगडासारखी होतात. तारेचा ब्रश वापरू नका, तुटलेल्या तारा गंजून भिंतीवर डाग पडतात.

बुंध्यात मीठ टाकायचा सल्ला बरेच जण देतात. कृपा करून टाकू नका. ते मीठ ओलीबरोबर भिंतीत चढतं, क्षार फुटतो, रंग सुटतो.

आणि पिंपळाचं रोप दिसलं तर बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा, भेग सिमेंटने बुजवा.

नवीन वेल लावायची तर तारेवरच. 3 मिमी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार, भिंतीपासून 8 ते 10 सेंमी लांब, दोन तारांत 40 सेंमी अंतर. तारेचा स्क्रू धरणारा फिशर, म्हणजे भिंतीत ठोकायची प्लास्टिकची खुंटी, गिलाव्यात नव्हे, विटेत किंवा काँक्रीटमध्ये 5 सेंमी तरी आत गेला पाहिजे. नुसत्या गिलाव्यात बसवलेला फिशर पावसात भिजलेल्या मधुमालतीच्या वजनाने उपटून येतो.