डोकं हललं की मेंदूची कनेक्टिव्हिटीही बदललेली दिसते

नमस्कार. दादरला आज कोणी विरारहून आलंय, कोणी बदलापूरहून, बरेच जण मुलांची थेरपी आटोपून आलेत, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येते. ऑटिझममध्ये मेंदूची कनेक्टिव्हिटी, म्हणजे मेंदूच्या भागांमधले दुवे, कमी असते असं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं असतं. पण ती मोजतात कशी?

मोजतात एफएमआरआयने, म्हणजे मेंदू काम करत असतानाच्या एमआरआय स्कॅनने. त्यात मेंदूतल्या वायरी दिसत नाहीत. दिसतात ते रक्तातल्या ऑक्सिजनमुळे होणारे सिग्नलचे चढउतार, साधारण दर दोन सेकंदाला एक चित्र, असं पाच-दहा मिनिटं. दोन भागांचे चढउतार एकत्र होत असतील तर ते जोडलेले आहेत असं धरायचं. म्हणजे कुर्ल्याची आणि ठाण्याची गर्दी नेहमी एकदमच वाढते न् एकदमच ओसरते, तर दोघांत काहीतरी संबंध असणार, इतकाच अंदाज, रूळ कोणी बघितलेले नसतात. माणूस नुसता पडून असतानाही हे मोजता येतं हे संशोधक भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं.

पुढे २००४ मध्ये मार्सेल जस्ट या संशोधकांच्या टीमने मांडलं की ऑटिझम असलेले लोक वाक्य समजून घेत असताना मेंदूच्या भागांमधला ताळमेळ कमी पडतो. त्यातून लांबचे दुवे कमी, जवळचे जास्त, ही थिअरी खूप चालली. आणि मग २०१२ मध्ये वेगवेगळ्या टीम्सनी दाखवलं की स्कॅन चालू असताना डोकं मिलिमीटरच्या अंशाने जरी हललं तरी लांबच्या भागांचा संबंध कमी दिसतो न् शेजारच्या भागांचा जास्त. अगदी तोच पॅटर्न! आता सांगा, एवढ्या धडधड आवाजात, अरुंद नळीत, कुठलं मूल हलणार नाही, आणि आपली मुलं तर आवाजाला किती हैराण होतात हे तुम्हाला मी काय सांगू.

म्हणून सगळंच खोटं असं मात्र नाही हं. अबाइड नावाच्या डेटासेटमध्ये १७ ठिकाणचे, ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या अशा १११२ लोकांचे स्कॅन एकत्र केलेत, हालचालीचा हिशेब करूनही ग्रुपच्या सरासरीत काही फरक उरतात. २०१३ मध्ये तर ऑटिझम असलेल्या लहान मुलांमध्ये कनेक्टिव्हिटी उलट जास्त आहे असंही आलं. पण ग्रुपची सरासरी म्हणजे तुमचं मूल नव्हे, आज एका मुलाचं निदान करेल अशी कुठलीही कनेक्टिव्हिटी टेस्ट नाही, निदान मुलाला बघून, खेळवून, तुमच्याशी बोलूनच होतं. डॉक्टर फिट्ससाठी एमआरआय सांगतात ती गोष्ट वेगळी, तो जरूर करा. पण कनेक्टिव्हिटी बघायला म्हणून कोणी हजारो रुपयांचं ब्रेन मॅपिंग सुचवलं तर या रिपोर्टने थेरपीत नेमकं काय बदलणार, हे आधी विचारा.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. जास्त हललेले स्कॅन बाद करतात, बरोबरच आहे ते, पण बाद होतात कोण? न बोलणारी, सूचना न कळणारी, ज्यांना सगळ्यात जास्त मदत लागते ती मुलं. यावर उपाय आहेत, खोट्या स्कॅनरमध्ये आधी सराव करून घेतात, तान्ह्या बाळांचा स्कॅन झोपेत करतात, पण याला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि रिसर्चच्या बजेटमध्ये पहिली कात्री तिथेच लागते.