आधी पेटी, मग विमान

ही लाकडी पेटी पाहा. लांबी सहा फूट, एका तोंडाशी पंखा, वरून आत डोकवायला काच. १९०१ साली अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या आपल्या सायकलच्या दुकानात विल्बर आणि ऑरव्हिल राइट या भावांनी ती बनवली. आत वारा सोडायचा आणि त्या झोतात पत्र्याचे चिमुकले पंख धरायचे. काम एवढंच.

त्याच उन्हाळ्यात त्यांचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, किटी हॉक या किनाऱ्यावरच्या गावी वाळूवर फसलं होतं. हवेनं दिलेली उचल हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश! चूक पंखांची, की सगळे संशोधक वापरत होते त्या उचलीच्या कोष्टकांची? नवं ग्लायडर बांधून शोधायचं, तर एकेका उत्तरासाठी एकेक हंगाम जाणार. मग त्यांनी सायकलच्या हँडलसमोर तिसरं चाक आडवं बसवलं, त्यावर एक सपाट आणि एक बाकदार पट्टी उभी केली आणि सायकल दामटली. चाक कुठे वळतं ते पाहायचं. कोष्टकांवर संशय घ्यायला तेवढं पुरलं. मोजमापाला मात्र पेटी लागली.

पेटीतला तराजू हॅक्सॉच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या तारांचा. काही आठवड्यांत दोनशेच्या आसपास आकार तपासून झाले. एखादा टाकून द्यावा लागला तरी जीव हळहळायचं कारण नाही; पत्र्याचा तुकडाच तो!

पण स्वस्ताईपेक्षा त्यांची शिस्त मला जास्त मोलाची वाटते. १८९९ मध्ये पाच फुटी पतंग उडवला, तो फक्त एका प्रश्नासाठी: पंखांना पीळ देऊन तोल सांभाळता येतो का? १९०२ च्या ग्लायडरवर शेकडो वेळा तरंगून झालं, वळणं हातात बसली. इंजिनाचा नंबर त्यानंतर.

छोटे प्रयोग अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली यांनीही केले होते, हे विसरून चालणार नाही. त्यांचं बिनमाणसाचं वाफेवरचं मॉडेल १८९६ मध्ये अर्ध्या मैलाहून जास्त उडालं. पुढे अमेरिकेच्या युद्ध खात्यानं ५० हजार डॉलर दिले आणि त्याच घाटाचं मोठं विमान तयार झालं. मॉडेलनं उडण्याचा प्रश्न सोडवला होता. मोठा सांगाडा झेपावताना ताण सोसेल का, आत बसलेला माणूस त्याला आवरेल का, हे मॉडेलला कुणी विचारलंच नव्हतं. १९०३ च्या ७ ऑक्टोबरला आणि पुन्हा ८ डिसेंबरला ते विमान पोटोमॅक नदीत कोसळलं. चालक दोन्ही वेळा बचावला.

नऊच दिवसांनी ऑरव्हिल राइट भावांच्या इंजिनाच्या विमानात १२ सेकंद हवेत होता. राइट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत. तरी ते यंत्र अजून कामाचं नव्हतंच. आणखी दोन वर्षं एका कुरणावर दुरुस्त्या चालल्या. ५ ऑक्टोबर १९०५ ला विल्बरनं सलग ३९ मिनिटं घिरट्या घातल्या आणि टाकीतलं पेट्रोल संपल्यावरच तो खाली उतरला.