पेट्रोलचं झाकण शोधून दाखवा! 1957 ची शेवरोले बेल एअर

हां तर मंडळी, हा फोटो नीट बघा आणि सांगा, या गाडीत पेट्रोल कुठून भरायचं? मडगार्डवर झाकण नाही, नंबर प्लेटच्या मागे नाही, डिकीत तर नाहीच. आता डावा फिन बघा, तो मागचा शार्कच्या पंखासारखा भाग, त्याच्या कडेला टेल लाइटच्या वर जी उभी क्रोमची पट्टी दिसतेय ना, ती दारासारखी उघडते, आणि आत झाकण! 56 च्या मॉडेलला तर अख्खा डावा टेल लाइटच बाजूला व्हायचा, त्यामुळे लपाछपीची हौस जुनीच.

आणि खरी गंमत पुढे आहे, ही गाडी मुळात नवी नव्हतीच. नवी बॉडी वेळेत तयार झाली नाही, मग जीएमने, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, 1955 च्याच सांगाड्याला असा काही साज चढवला की जुनी ओळखूच येईना. फिन वाढवले, 15 इंची चाकं काढून 14 इंची लावली की गाडी आपोआप खाली बसली. हेडलाइटच्या भोवती ही जाळी आहे बघा, मला आधी वाटायचं नुसता दागिना असेल, पण नाही, त्या नाकपुड्या आहेत, केबिनची हवा तिथून आत जाते, पूर्वी ती काचेच्या पुढून घ्यायचे, ती जागा सुटली म्हणून बॉनेट खाली आणता आलं. बॉनेटवरची ही दोन रॉकेटं मात्र शुद्ध शोबाजी, काम काहीच नाही, आणि मला तीच जाम आवडतात, काय करणार!

एवढं नटूनथटूनही 57 च्या मॉडेल वर्षात फोर्डने शेवरोलेपेक्षा जास्त गाड्या काढल्या बरं का.

आता सोनेरी काय काय आहे ते बघा. पुढची जाळी सोनेरी, पुढच्या मडगार्डवर तीन तिरक्या खुणा सोनेरी, हे बेल एअरचं, म्हणजे सगळ्यात महागड्या मॉडेलचं लक्षण, खालच्या वन-फिफ्टी आणि टू-टेनला हे मिळत नव्हतं. आणि बॉनेटवर मोठा व्ही असेल तर आत व्ही-एट, म्हणजे आठ सिलेंडरचं इंजिन. कुणी सोनं मिरवतंय पण व्ही नाहीये, तर समजा आत साधं सहा सिलेंडर आहे, अर्थात मालकाने बाजारातून व्ही आणून चिकटवला नसेल तर, त्यामुळे बॉनेट उघडायला सांगा सरळ.