पाणी सुटतं तेव्हा

(सकाळ. रायगड जिल्ह्यातल्या रवाळजे गावाखालचं कुंडलिका नदीचं पात्र)
दगड अजून उघडे आहेत. काठावर राफ्ट फुगवून तयार. सगळे वाट बघताहेत ती पाणी सुटायची.

(पाणी चढतं)
आधी दगडाच्या कडेनं बारीक धार आली. मग शेवाळ हललं. आता तो दगडच दिसत नाही.

(घाटमाथा, मुळशीचा जलाशय)
हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाही, मुळा नदीचं आहे. पूर्वेला जाऊन भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळणारं. मुळशीला धरण होऊ लागलं, तेव्हा १९२१ साली मावळातले शेतकरी सेनापती बापटांच्या मागे सत्याग्रहाला उभे राहिले. जमिनी गेल्याच. १९२७ पासून हे पाणी सह्याद्रीतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, वीज देतं आणि कोकणात येतं. म्हणून आसपासचे ओढे आटले तरी मे महिन्यात कुंडलिका वाहते. पण वाहते ती विजेच्या वेळापत्रकानं.

(दोरी, पट्टी, मापक)
आता ही दोरी बघा. या काठापासून त्या काठापर्यंत, दर मीटरला गाठ. प्रत्येक गाठीखाली पट्टी उभी करून खोली वाचायची, मापक बुडवून वेग घ्यायचा, तळाला वाळू आहे की गोटे ते वहीत लिहायचं. माशाचं घर म्हणजे हेच: खोली, वेग आणि तळ. मोठ्या माशाला डोह लागतो. महाशीर अंडी घालायला गोट्यांवरून खळाळणारं पाणी शोधतो. पिल्लं मात्र अगदी काठाला, घोटाभर संथ पाण्यात वाढतात. आणि या नदीत काठच जागेवर राहत नाही. सकाळी ज्या गाठीखाली घोटाभर पाणी होतं, तिथे आता माणसाचे पाय ठरत नाहीत.

(दुपार. दगडातला खळगा, अगदी जवळून)
पाणी ओसरलं, वाट तुटली. बोटाच्या पेराएवढी पिल्लं आत राहिली.

(थोडा वेळ निवेदन नाही)

गंगेच्या वरच्या पात्रात किमान किती पाणी सोडायचं, हे केंद्र सरकारनं २०१८ साली ठरवून दिलं. किमान पाणी हवंच. कुंडलिकेचं मागणं त्याहून वेगळं आहे: पाणी कमी करताना दमानं, टप्प्याटप्प्यानं करा. काठ हळू सरकला, तर पिल्लंही त्याच्याबरोबर सरकतात.

(संध्याकाळ)
राफ्ट कधीच गेल्या. पट्टी पुन्हा पहिल्या गाठीखाली उभी आहे.